कोंडवाडा

‘कोंडवाडा’ हा शब्द हल्लीच्या मुलांना माहीत असतो तो गच्च भरलेली लोकल किंवा साठ-सत्तर पोरांचा वर्ग यांच्या संदर्भात. दया पवारांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहाला हे नाव दिलं, तेव्हा त्याचा मूळ अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही. दगडी भिंतींचा, फाटकाला कुलूप लावलेला खराखुरा कोंडवाडा गावोगावी लोकांनी पाहिलेला होता.

मागे नात्यातल्या एका सूनबाईंनी फोनवर विचारलं, "काका, अंगणात चार कोंबड्या पाळायच्या तर परवानगी लागते का हो?" तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. घरची जनावरं आणि कायदा यांचं नातं बरंच जुनं आहे, आणि वाटतं त्यापेक्षा मजेशीरही.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा केला. पिकात शिरलेलं जनावर शेतकऱ्याने धरायचं आणि चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवायचं. दंडाचे दर त्या कायद्यातच लिहिलेले होते. हत्तीला दोन रुपये. उंट आणि म्हैस, आठ आणे. घोडा, बैल, गाय, चार आणे. वासरू, गाढव, डुक्कर यांना दोन आणे आणि शेळी-मेंढीला एक आणा. आमच्याकडे कुणाच्या ज्वारीत हत्ती शिरल्याचं कधी ऐकलं नाही, पण कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर फक्त आमचा तालुका थोडाच होता!

या यादीत कोंबडी मात्र नाही. हत्तीपासून करडापर्यंत सगळे आहेत, कोंबडी तेवढी सुटली. त्यामुळे कोंबडीची भांडणं कुंपणावरूनच मिटायची, किंवा पिढ्यानपिढ्या मिटायची नाहीत.

कायदा परक्यांचा, पण त्यात काही गोष्टी विचार करून घातलेल्या होत्या. दंडाचे आणि चारापाण्याचे दर कोंडवाड्यापाशी सर्वांना दिसतील असे लावायचे. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलीस ठाण्याला कळवायचं. मग जनावराच्या वर्णनासह नोटीस लावायची आणि गावात व जवळच्या बाजारात दवंडी पिटायची. त्यानंतरही सात दिवस कुणी आलं नाही, तरच लिलाव. म्हणजे गरीबातल्या गरीब माणसाला निदान पंधरवडा मिळत असे.

अर्थात पंधरवडा मिळाला तरी पैसे कुठून आणायचे? १९६०च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शेजारच्या काकूंची म्हैस दावं तोडून कुणाच्या तरी मळ्यात गेली आणि कोंडवाड्यात पडली. दंडापेक्षा चाऱ्याचा खर्च रोज वाढत चाललेला. चौथ्या दिवशी काकूंनी पितळी घागर गहाण टाकली आणि म्हैस सोडवून आणली. घरात दुधाचे पैसे सोडून दुसरी मिळकत नव्हती. म्हैस गेली असती तर मुलांची शाळाही गेली असती.

एक मात्र खरं, या कायद्यात आधी नुकसान दाखवावं लागे. जनावर शेतात शिरलं, पीक खाल्लं, म्हणून दंड. १८७८च्या वनकायद्याने यात मोठा फरक केला. राखीव जंगलात शिरलेलं गुरू हे नुकसान करणारंच आहे असं धरून चालायचं आणि कोंडवाड्यात घालायचं. त्याने तिथे काय खाल्लं, हा प्रश्नच उरला नाही. आणि ज्या रानात बापजादे गुरं चारत आले, तेच रान राखीव झालेलं! जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यावरचा राग का आहे हे यावरून कळतं.

शहरातलं गणित वेगळं. मुंबई महानगरपालिकेचा १८८८चा कायदा पाहा. डुकरं पाळायची तर आयुक्तांची लेखी परवानगी हवी. बाकी जनावरांबद्दल एवढंच म्हटलंय, की ती इतरांना उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने ठेवू नयेत. म्हणजे गाय ठेवणं हा गुन्हा नाही, शेजाऱ्याला त्रास होईल अशी ठेवणं हा गुन्हा. मला हा भेद फार मोलाचा वाटतो.

पण मुंबई वाढली, दुधाची मागणी वाढली आणि भर वस्तीत तबेले दाटले. शेणाचे ढीग, माश्या, तुंबलेली गटारं. माणसांचे हाल, आणि जनावरांचे त्याहून जास्त. जागा महाग, म्हणून रेडकू उपाशी मरू द्यायचं आणि आटलेली म्हैस सरळ कसायाकडे. यावर उपाय म्हणून १९४९ साली आरे दूध वसाहत उभी राहिली. त्यामागे दारा खुरोडी हे नाव होतं. पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे सरकार नुसतं "म्हशी हलवा" म्हणालं नाही, त्यांना गोठे आणि हिरवळ दिली. तरी सगळे तबेले काही हलले नाहीत. १९७६ साली राज्याने शहरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण आणणारा कायदा केला.

आणि कोंबडी? ती इतकी वर्षं सुटली होती, पण फेब्रुवारी २००६मध्ये नवापूरला बर्ड फ्लू सापडला. देशातली ही पहिलीच साथ. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. त्यात मोठ्या पोल्ट्रीवाल्यांच्या होत्या, तशा परसातल्या खुराड्यातल्याही होत्या. सरकारने भरपाई दिली. रोग खरा होता, इलाज कठोर पण गरजेचा होता, हे मान्यच करायला हवं. पण अंड्यांवर मीठमिरची भागवणाऱ्या बाईचं रिकामं डालगं भरपाईने लगेच भरत नाही.

आता गृहसंकुलांचे नियम आलेत. "प्राणी पाळण्यास सक्त मनाई," एका ओळीत विषय संपला! उपद्रव होतो का, कुणी विचारत नाही. दवंडी नाही, पंधरवडा नाही, आणि दुसरी जागा तर नाहीच. पहाटे तीनला आरवणारा कोंबडा मलाही नको आहे. पण चार कोंबड्यांचं खुराडं स्वच्छ ठेवलं, शेजाऱ्यांना विचारलं, तर अडचण कसली? नियम हवेतच. मात्र नियम करणाऱ्याने तीन प्रश्न स्वतःला विचारावेत: नुकसान नक्की काय झालं? मालकाला वेळ दिली का? आणि जनावर इथून काढलं तर त्याने जायचं कुठे?

सूनबाईंना मी सांगितलं, आधी नगरपालिकेत विचार, आणि त्याच्याही आधी शेजारणीला. पहिली अंडी तिलाच दे.

असो. तुमच्या गावी कोंडवाडा कुठे होता, आणि आता त्या जागी काय आहे, हे जरूर कळवा. आमच्या गावच्या कोंडवाड्याच्या जागेवर दुचाक्यांचं पार्किंग झालंय. कुलूप मात्र अजून लावतात!