आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे माणूस नव्हे: इंटरनेटवरचा पत्ता काय सांगतो, काय सांगत नाही

२००७ साली पुणे पोलिसांनी बेंगळुरूतल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला अटक केली. ऑर्कुटवर छत्रपती शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर टाकल्याचा त्याच्यावर आरोप होता आणि पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले होते एका आयपी अ‍ॅड्रेसवरून. सुमारे ५० दिवस तो तुरुंगात होता. नंतर उघड झालं, की तो अ‍ॅड्रेस त्याचा नव्हताच. इंटरनेट कंपनीने पुरवलेली माहिती चुकीची होती.

हा पत्ता असतो तरी काय?

मोबाईल किंवा संगणक इंटरनेटला जोडला, की कंपनी त्याला एक क्रमांक देते. जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, टिंबांनी वेगळे केलेले ० ते २५५ मधले चार आकडे असतात. आपण उघडतो त्या प्रत्येक वेबसाइटला हा क्रमांक दिसतो. नाहीतर उत्तर कुठे धाडायचं हे तिला कळणार कसं?

असे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला. आयपीव्ही६ ही नवी, कितीतरी मोठी पद्धत आली खरी, पण जुनीही चालूच आहे. त्यामुळे मोबाईल कंपन्या एकच पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहकांना वापरायला देतात. चाळीचा पत्ता एक, बिऱ्हाडं अनेक, तसाच हा प्रकार. नेमकं बिऱ्हाड शोधायचं तर पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळ लागते. नोंद जागतिक वेळेत असेल तर भारतीय वेळेशी साडेपाच तासांचा फरक पडतो. तो धरला नाही, तर बोट भलत्याच माणसाकडे जातं.

कोणाला काय कळतं?

वेबसाइटला साधारणपणे इंटरनेट कंपनी आणि अंदाजे ठिकाण कळतं. नाव किंवा घर नाही. ठिकाणही चुकू शकतं. खानापुरातला मोबाईल बेंगळुरूचा दिसू शकतो, कारण कंपनीचं जाळं तिथून बाहेर पडतं. ग्राहकाचं नाव कंपनीकडे असतं आणि तपास यंत्रणा कायदेशीर मागणी करून ते मिळवतात.

काळजी काय घ्यावी?

ब्राउझरच्या खासगी विंडोने आयपी अ‍ॅड्रेस लपत नाही. फक्त आपल्या यंत्रावर इतिहास उरत नाही. व्हीपीएन वापरल्यास वेबसाइटला आपल्याऐवजी व्हीपीएनचा पत्ता दिसतो, पण मग भरवसा त्या कंपनीवर टाकावा लागतो. सर्ट-इनच्या २०२२ च्या आदेशानुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती ५ वर्षं जपून ठेवायची आहे.

घरच्या किंवा दुकानाच्या वायफायला पक्का पासवर्ड हवाच. शेजारच्याने त्यावरून काही उद्योग केले, तरी नोंद जोडणी घेणाऱ्याच्या नावावर निघते.

आणि उद्या आयपी अ‍ॅड्रेसवरून नोटीस आलीच, तर घाबरून काही मिटवू नये. वकिलामार्फत तीन गोष्टी विचाराव्यात: नेमकी तारीख-वेळ कोणती, ती कुठल्या घड्याळाची आणि पोर्ट क्रमांक कोणता. ही उत्तरं नसतील, तर नुसत्या पत्त्यावरून माणूस ठरत नाही.