रायगड जिल्ह्याचा वारसा : किल्ल्यांच्या यादीत पाणी कुठे आहे?

रायगड जिल्ह्याच्या पर्यटनाची कुठलीही माहितीपुस्तिका उघडा. रायगड किल्ला, जंजिरा, अलिबागचा कुलाबा किल्ला, काशीद-श्रीवर्धनचे समुद्रकिनारे, माथेरान. महाडचे चवदार तळे असलेच तर शेवटी, 'इतर स्थळे' या सदरात. 1981 पर्यंत हा जिल्हा कुलाबा नावाने ओळखला जात होता. नाव बदलले, पण इतिहास सांगणाऱ्यांची नजर बदलली का, हा आमचा प्रश्न आहे.

किल्ल्यांशी आमचे वैर नाही. शिवराय आमचेही आहेत. जोतीरावांनी 1869 साली त्यांच्यावर पोवाडा लिहिला आणि डिसेंबर 1927 च्या महाड परिषदेनंतर बाबासाहेब स्वतः रायगडावर गेले. आमचा आक्षेप एवढाच, की वारसा म्हणजे फक्त राजांचे बुरूज नव्हेत. लेणी खोदणारे, दान देणारे, पाण्यासाठी लढणारे आणि जमीन कसणारे यांचाही तो वारसा आहे.

सुरुवात लेण्यांपासून करू. महाडजवळ मुंबई-गोवा महामार्गालगतच्या डोंगरात गांधारपाले लेणी आहेत. तळा तालुक्यात कुडे लेणी आहेत. कुड्याचे शिलालेख वाचले तर दान देणारे कोण दिसतात? एक माळी, एक वैद्य, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी, एक लेखनिक. स्त्रियाही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या कोकणात माळ्याने दिलेले लेणे आणि सत्ताधारी घराण्याशी जोडलेल्या माणसाने दिलेले लेणे एकाच डोंगरात शेजारी शेजारी होते. धम्माला दान देताना कुणाचा व्यवसाय आड आला नाही.

या लेण्यांशेजारी कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. पश्चिम भारतातल्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हणतात आणि पोढी खोदवून देणे हे पुण्यकर्म म्हणून कोरून ठेवलेले आढळते. पाणी देणे हा तिथे धम्म होता. त्याच डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या महाडात पुढे पाण्याला हात लावणे हा गुन्हा ठरला. हा बदल निसर्गाने केला नाही. ब्राह्मणी समाजव्यवस्थेने केला.

मग लढा महाडलाच का उभा राहिला? कारण जमीन आधीच नांगरलेली होती. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे लष्करातून निवृत्त झालेले शिपाई. त्यांनी 1888 साली 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेवर थेट प्रश्न उभे केले. 1895 मध्ये ते महाडच्या लोकल बोर्डावर गेले. पेन्शनर शिपायांच्या या भागात शिक्षण आणि स्वाभिमान बाबासाहेबांच्या आधीच रुजू लागला होता.

1923 साली मुंबई कायदेमंडळाने बोले यांचा ठराव मंजूर करून सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. 1924 मध्ये सुरबानाना टिपणीसांच्या काळात महाड नगरपालिकेने तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद झाला, पण पाणी मिळाले नाही. म्हणून 20 मार्च 1927 रोजी, रा. बा. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या हजारो लोकांसह बाबासाहेब तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्यांवर हल्ले झाले. सनातन्यांनी 108 घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' केले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा सनातनी कोर्टात गेले. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने दिली. 25 डिसेंबरला तिथेच मनुस्मृती जाळली गेली आणि ठराव मांडला ब्राह्मण घरात जन्मलेल्या बापूसाहेब सहस्रबुद्धे यांनी. तळ्याचा खटला नऊ वर्षांहून अधिक काळ चालला. 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सनातन्यांचा पुरातन रूढीचा दावा फेटाळला. म्हणजे एका ओंजळीचा हक्क कायद्याने पक्का व्हायला दहा वर्षे लागली. मार्चमध्ये महाडला जाणाऱ्या आपल्या किती तरुणांना ही पुढची दहा वर्षे माहीत आहेत?

याच जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात 1933 पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांचा संप चालला. नारायण नागू पाटील यांनी नेतृत्व केले. आगरी आणि इतर कुळांनी खोत-सावकारांची जमीन कसायला नकार दिला, उपासमार सोसली. बाबासाहेबांनी या कुळांना पाठिंबा दिला आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. पाण्यापासून जमिनीपर्यंतचा हा लढा एकाच जिल्ह्यातला आहे. बाबासाहेबांना एका जातीचा नेता म्हणणाऱ्यांना चरी हे पुरेसे उत्तर आहे.

म्हणून आमचे सांगणे आहे : 20 मार्चला तळ्याला वंदन करून लगेच गाडीत बसू नका. गांधारपाल्याचा डोंगर चढा, कातळातली टाकी पाहा. रावढळला जा. पुढच्या फेरीत कुडे आणि चरी करा. गावातल्या वडीलधाऱ्यांशी बोला, त्यांच्या आठवणी लिहून घ्या, मोबाईलवर नोंदवा. वलंगकर, मोरे, टिपणीस, सहस्रबुद्धे, फत्तेखान, नारायण नागू पाटील ही नावे मुलांना पाठ असू द्या. आणि जिल्ह्याच्या पर्यटन आराखड्यात लेणी, तळे आणि चरी एकाच मार्गावर जोडण्याची लेखी मागणी ग्रामपंचायतीपासून जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत करा.

आपला इतिहास इतरांनी 'इतर स्थळे' म्हणून लिहावा, हे आपण किती दिवस चालवून घेणार? बाबासाहेबांनी तळे मागितले ते तहान लागली म्हणून नव्हे, माणूस म्हणून बरोबरीचा हक्क सिद्ध करायचा म्हणून. वारशाचेही तसेच आहे. तो कुणाच्या मेहेरबानीने मिळत नाही. तो आपण हक्काने घ्यायचा असतो.

जय भीम!