उसाची लाल कूज आणि साठ दिवसांची परीक्षा
१९३०च्या दशकाच्या अखेरीस बिहार व संयुक्त प्रांतात कोइमतूरचा नावाजलेला 'को २१३' हा ऊस लाल कुजीने उभ्या शेतात वाळला. चिरलेल्या कांड्यात लाल गर, त्यावर आडवे पांढरे पट्टे आणि आंबूस वास! पुढे प्रत्येक नव्या वाणाला 'कॉलेटोट्रायकम फाल्कॅटम' या बुरशीशी मुद्दाम झुंजवण्याची पद्धत रूढ झाली. सात-आठ महिन्यांच्या उसाच्या कांड्याला छिद्र पाडून त्यात बीजाणूंचे द्रावण सोडतात, छिद्र बुजवतात आणि साठ दिवसांनी ऊस उभा चिरतात. लाली किती पेरे ओलांडून गेली, पांढरे डाग कसे आहेत, शेंडा हिरवा राहिला का, यांवरून ० ते ९ गुण. येथे मात्र कमी गुणांचाच वाण श्रेष्ठ.

परीक्षा कठोर खरी, पण ती त्या काळी ज्ञात असलेल्या बुरशीच्या प्रकारांपुरतीच. २००९ मध्ये प्रसारित झालेला 'को ०२३८' त्या प्रकारांपुढे मध्यम प्रतिकारक ठरला होता. उत्तम उताऱ्यामुळे उत्तर प्रदेशातील बहुतांश ऊसक्षेत्र त्याने व्यापले. एकाच वाणाच्या त्या अफाट पसाऱ्यात 'सीएफ १३' हा बुरशीचा नवा प्रकार बळावला आणि 'को ०२३८' त्याला बळी पडला. आता नव्या वाणांना 'सीएफ १३'शीही झुंजावे लागते.