रेहेकुरीचा माळ, सांदणची दरी आणि करारावरची एसटी

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. गाडीची बॉडी लाकडी आणि छप्पर कापडी. नगरचा कुठलाही माणूस ही गोष्ट अभिमानाने सांगतो, मीही वर्गात सांगतो. पण त्या गाडीने नगर पुण्याला जोडलं. नगर जिल्हा नगरला जोडायला पुढची कित्येक वर्षं गेली. हा राज्यातला क्षेत्रफळाने सर्वात मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक. आता कागदावर अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच. कर्जतच्या माणसाने अकोले पाहिलेलं नसतं आणि अकोल्याच्या माणसाला कर्जत म्हटलं की रायगडातलं कर्जत आठवतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे एकतीस जण एसटीच्या प्रासंगिक करारावर गाडी घेऊन निघालो. सहसा असा करार लग्नाच्या वऱ्हाडासाठी होतो. आमच्यात नवरदेव कोणीच नव्हता, म्हणून डेपोतल्या साहेबांनी दोनदा विचारलं, "कार्य काय?" कार्य असं की, अम्मीला राजूर पुन्हा पाहायचं होतं. अब्बा जिल्हा परिषदेचे शिक्षक. ऐंशीच्या दशकात त्यांची बदली राजूरला झाली, तेव्हा नातेवाईक सांत्वनाला आल्यासारखे आले होते. अकोले तालुक्यातल्या बदलीला लोक काळ्या पाण्याची शिक्षा म्हणत. मुलांना हरणं बघायची होती आणि भाच्याला मोबाइलवर पाहिलेल्या अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनसारखी दरी. म्हणून आधी दक्षिणेला कर्जत, मग पारनेरमार्गे वायव्येला अकोले, असा उलटा फेरा ठरला.

रेहेकुरीला सकाळी पोहोचलो. काळविटांचं हे अभयारण्य १९८० सालचं, क्षेत्रफळ जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर. कुसळी गवत, बाभळी, आणि त्यातून उड्या मारत जाणारा कळप. उर्दू शायरीत 'आहू' आणि 'गज़ाल' मुलांना शिकवताना मी नेहमी डोळ्यांच्या उपमांवर थांबतो. इथे कळतं की खरी गोष्ट पायांची आहे. या प्राण्याच्या शिकारीसाठी मोगल बादशहा चित्ते पाळत. अकबराने हजार चित्ते जमवले होते, असं जहांगीर आपल्या आठवणींत नोंदवतो. चित्ता भारतातून नामशेष झाल्याचं १९५२ मध्ये जाहीर झालं. काळवीट बंदुकीतून वाचलं आणि अशा तुकड्यांत उरलं.

त्याच कर्जत तालुक्यात दुसऱ्या अभयारण्याची गोष्ट आहे, आणि ती फलकावर वाचायला मिळत नाही. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतलं ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झालं. आमच्या जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा त्यात आले. माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असं सालिम अलींना वाटत होतं. मान मोराला मिळाला. पण ८,४९६ चौरस किलोमीटर म्हणजे रान नव्हे. त्यात गावं, शाळा, बाजार, ज्वारीची शेतं, सगळं होतं. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. मुलीच्या लग्नासाठी एकर विकायला निघालेल्या शेतकऱ्याला तलाठ्याकडे समजायचं की आपण अभयारण्यात राहतो. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक माळावर दिसेनासा होत चालला होता. दोन चौरस किलोमीटरांत काळवीट टिकलं आणि साडेआठ हजारांत माळढोक टिकला नाही. लहान राखणीची जागा खरोखर राखली जाते आणि मोठी नुसती नकाशावर रंगवली जाते, असं मला वाटतं. जाणकारांनी हवं तर वाद घालावा.

निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले. पाण्याबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या खडकात रांजणासारखे खड्डे कोरले आहेत. जेवण तिथेच झालं, कीमा-पराठे आणि चालककाकांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी. तिथून आळेफाटा, संगमनेर, अकोले आणि रात्री राजूर.

राजूरला अम्मीने स्टँडवरच इतिहास सांगायला सुरुवात केली. संध्याकाळची मुक्कामी गाडी आली की गावाला नगरची बातमी कळायची. चालक-वाहक तिथेच झोपायचे, पहाटे गाडी परत. कोणाचं बाळंतपण अडलं तर त्याच गाडीची वाट पाहायची. पावसाळ्यात गाडी आली नाही तर तालुक्याशी संबंध तुटायचा. १९४८ च्या त्या पहिल्या गाडीवर लेख येतात, केक कापतात. मुक्कामी गाडीवर कोणी लिहिल्याचं मी वाचलेलं नाही. आदिवासी पट्ट्यात तरी एसटीचा खरा इतिहास तिच्याच टपावर बसून आला.

याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. महादेव कोळी समाजातल्या या माणसाने सावकार आणि इंग्रज या दोघांविरुद्ध बंड केलं आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेला. पुढे इंग्रजांनी याच डोंगरात १९१० मध्ये प्रवरेवर धरण बांधायला घेतलं. ते १९२६ मध्ये पुरं झालं. धरणाला नाव गव्हर्नर विल्सनचं, जलाशयाला आर्थर हिलचं. आम्ही सगळे भंडारदराच म्हणतो. पाणी अडलं अकोल्यात आणि कालव्यांनी गेलं राहुरी-श्रीरामपूरकडे. त्या पाण्यावर ऊस आला, १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. मोठं काम झालं, यात शंका नाही. नगर शहराला पाणी दुरून आणायची सवय तर निजामशाहीपासूनची. कापूरवाडीहून येणाऱ्या खापरी नळांचे अवशेष अजून सापडतात. फरक इतकाच की पाणी उताराने जातं आणि पैसा त्याच उताराने परत चढत नाही. घाटघर-रतनवाडीला राज्यातला सर्वाधिक पावसांपैकी एक पडतो आणि उन्हाळ्यात त्याच भागातल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन फिरतात. 'धरण उशाला, कोरड घशाला' ही म्हण इथे विनोद म्हणून कोणी वापरत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटी शेंडीला ठेवून दोन जीपनी साम्रदला गेलो. सांदण दरी म्हणजे जमिनीला पडलेली अरुंद भेग. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या खडकातली ही फट दोन-तीनशे फूट खोल जाते आणि पुढे कोकणच्या बाजूला उतरते. आत ऊन जवळजवळ पोहोचत नाही, मध्ये कमरेइतकं गार पाणी. (मराठी 'दरी' संस्कृतातून आली, फारसी 'दर्रा' वेगळ्या वाटेने, कानाला मात्र दोघी सख्ख्या बहिणी वाटतात.) भाचा म्हणाला, "मामू, ग्रँड कॅनियनपेक्षा लहान आहे." लहानच आहे. ती कोलोरॅडो नदीने पन्नास-साठ लाख वर्षं कोरलेली आहे.

मग मी त्याला त्या दरीची दुसरी गोष्ट सांगितली. अमेरिकेने १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिलं राष्ट्रीय उद्यान केलं आणि १९१९ मध्ये ग्रँड कॅनियनचं उद्यान झालं. त्या दरीत हवासुपाई नावाची जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत, शेती करत, शिकार करत होती. त्यांना दरीच्या तळाशी छोट्या तुकड्यात कोंडलं, वरच्या पठारावर पर्यटक आले. १९७५ मध्ये कायदा होऊन त्यांना सुमारे १,८५,००० एकर जमीन परत मिळाली. जंगल राखायचं म्हणजे आधी माणसं बाजूला करायची, ही कल्पना तिकडून जगभर गेली.

आपल्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये झालं, ३६१ चौरस किलोमीटर. शेकरू आहे, बिबट्या आहे, आणि महादेव कोळी व ठाकर समाजाची गावं त्याच्या आतच आहेत. लाकूडफाटा, गुरांची चराई, वहिवाटीची जमीन, सगळ्याला वनखात्याची परवानगी. २००६ च्या वनहक्क कायद्याने कागदावर हक्क दिले. आमचा वाटाड्या, साम्रदचाच तरुण, म्हणाला, "सर, दावा लावलाय. आजोबाच्या नावाचा पुरावा मागतात. आजोबा हितंच जन्मले, हितंच गेले, आता कागद कुठला आणू?"

माझ्यातला शिक्षक जागा झाला. शाळेचं जनरल रजिस्टर चालेल का, जुन्या दाखल्यावर गावाचं नाव असतं, असं मी म्हणालो. त्याचे वडील राजूरच्या शाळेत दोन वर्षं होते. तारीख त्याला ठाऊक नव्हती. अम्मीने वडिलांचं नाव विचारलं, डोळे बारीक करून आठवत राहिली, आणि मग त्याच्या घरी भाकरी-पिठल्याच्या पंगतीत त्या वडिलांनाच विचारलं, "गुरुजी कोण होते तुम्हाला?"

"शेख गुरुजी," ते म्हणाले. "चष्म्यावाले."

परतीच्या वाटेवर एसटी राजूरच्या शाळेसमोर पाऊण तास उभी होती. दिवाळीमुळे कार्यालयाला कुलूप होतं. शिपायाने मुख्याध्यापकांचा फोन नंबर दिला आणि शाळा उघडली की यायला सांगितलं.