बारभाईंचे परराष्ट्रधोरण : १७७४ ते १७८२

३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा वध झाला आणि पुणे दरबाराची सत्ता राघोबादादांच्या हाती गेली. तथापि १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म होताच बारभाईंच्या कारभारास कायदेशीर अधिष्ठान मिळाले. चाळीस दिवसांच्या बालकास पेशवाईची वस्त्रे देवविणारे हे सरकार किती दुबळे होते याची कल्पना शेजाऱ्यांना तत्काळ आली. हैदर अली कृष्णेकडे सरकू लागला. आणि डिसेंबर १७७४ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी ठाणे घेऊन साष्टीवर हात टाकला.

मार्च १७७५ मध्ये सुरतेस झालेल्या तहाने साष्टी व वसई यांच्या मोबदल्यात इंग्रज राघोबांच्या पाठीशी उभे राहिले. परंतु कलकत्त्याच्या कौन्सिलास हा तह मान्य नव्हता. मुंबई व कलकत्ता यांतील ही फट नाना फडणीस व सखारामबापू यांनी अचूक हेरली. १ मार्च १७७६ च्या पुरंदरच्या तहात इंग्रजांनी राघोबांचा पक्ष सोडण्याचे कबूल केले. साष्टी मात्र परत मिळाली नाही.

पुढच्या वर्षी सेंट लुबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला. त्यास चौलचे बंदर हवे होते. त्याचे आश्वासन फ्रान्सच्या राजास कितपत बांधील होते, हा प्रश्नच होता. आणि नाना एवढे भोळे खास नव्हते. फ्रेंचांच्या मदतीपेक्षा तिची इंग्रजांस वाटणारी भीती त्यांस अधिक उपयोगाची वाटली असावी. पण हे हत्यार दुधारी ठरले. फ्रेंचांचा बागुलबुवा दाखवूनच मुंबईकरांनी कलकत्त्याचे मन वळविले, आणि १७७८ मध्ये हेस्टिंग्जने काल्पीहून फौज रवाना केली. ती पोहोचण्यापूर्वीच जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईच्या सैन्याने शरणागती पत्करली, हे पुणे दरबाराचे सुदैव व महादजी शिंद्यांचे कर्तृत्व.

१७८० चे चतुःसंघाचे राजकारण हे नानांच्या मुत्सद्देगिरीचे शिखर मानले जाते. निजाम, हैदर, नागपूरकर भोसले व पुणे यांनी इंग्रजांवर चोहोंकडून उठावे, अशी ही योजना होती. तिची किंमत हलकी नव्हती. माधवराव पेशव्यांनी ज्याला तीनदा नमविले, त्याच हैदरने कृष्णेपर्यंत घेतलेला मुलूख आता पुण्यास त्याच्याकडे राहू द्यावा लागला. हैदर मात्र मनापासून लढला. सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूर येथे त्याच्या फौजेने बेलीची तुकडी नामशेष केली. उलट गुंटूर परत मिळताच निजाम स्वस्थ बसला. मुधोजी भोसल्यांची फौज कटकापर्यंत गेली खरी, पण हेस्टिंग्जच्या पैशापुढे तिचा वेग आश्चर्यकारक रीतीने मंदावला. चौघांपैकी दोघांचे हितसंबंध इंग्रजांस विकत घेता येण्याजोगे होते. योजनेचा हा दोष तिच्या रचनेतच होता.

१७ मे १७८२ रोजी महादजींच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. त्यात हैदरने अर्काटचा मुलूख परत करावा असे कलम असल्याने, दोस्ताचा विश्वासघात होऊ नये आणि त्याच्या लढाईचा दाबही टिकावा, या दुहेरी हेतूने नानांनी तहावर शिक्कामोर्तब लांबणीवर टाकले. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर मरण पावला, आणि त्याच महिन्यात पुण्याने तह कायम केला. राघोबांस पेन्शन मिळाली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली.