अधांतराचे शिक्षक

जमिनीचा आधार सोडून दोर, वेत, खांब किंवा झुल्यावर अंग तोलण्याची विद्या महाराष्ट्रात तीन ठिकाणी वाढली: डोंबारी-कोल्हाट्यांच्या पालात, मल्लखांबाच्या आखाड्यात आणि सर्कशीच्या तंबूत. शिकवणारा तिन्हीकडे होता, पण शिकवण्याचा अधिकार त्याला निरनिराळ्या रीतीने मिळे. पालात तो जन्माने येई, आखाड्यात वस्तादाच्या संमतीने आणि तंबूत कामाच्या जोरावर. पुढे लेखी अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र यांतल्या एकाच परंपरेच्या वाट्याला आले. अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे जुन्या अहमदनगरचा, पहिल्या परंपरेशी निकटचा संबंध आहे आणि दुसरीचा उगम जिथे सांगितला जातो तो गोदाकाठही या जिल्ह्याला लागून आहे.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नगर जिल्ह्यावरचा सतरावा खंड १८८४ साली निघाला. त्यात जिल्ह्यातल्या फिरत्या जमातींमध्ये कोल्हाट्यांची नोंद आहे. डोंबारी आणि कोल्हाटी यांच्याबरोबर गोपाळ समाजातही कसरतीचा धंदा होता. त्यांच्यातल्या पहिलवान गोपाळ आणि खेळकरी गोपाळ या पोटशाखांच्या नावांतच त्यांचे काम आले. या सगळ्यांचे मोठे एकत्र येणे पाथर्डी तालुक्यातल्या मढीला, कानिफनाथांच्या यात्रेत होई. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालणाऱ्या या यात्रेत गाढवांचा बाजार भरे, जातपंचायती बसत, सोयरिकी जुळत. होळी पेटवण्याचा मान गोपाळांचा. वर्षभर गावोगाव विखुरलेली कसरतकरी कुटुंबे इथे एकमेकांना भेटत आणि कोणाचे पोर काय करते हे जमातीला कळे.

डोंबाऱ्याच्या खेळाची मांडणी साधी असे. बांबूंच्या दोन कात्र्या, त्यांवरून ताणलेला दोर, खाली ढोलके. दोरावर चढणारी बहुधा मुलगीच, कारण वजन हलके. तिच्या हातात तोल सावरायला आडवी काठी. पहिल्या फेरीत ती अनवाणी जाई, मग पायाखाली थाळी घेऊन किंवा डोक्यावर कळशांची उतरंड घेऊन. प्रेक्षकांची नजर वर खिळलेली असे आणि त्यामुळे खालचा माणूस त्यांच्या लक्षात येत नसे. मुलगी दोरावरून पुढे सरके तसा बाप दोराखालून चाले, हात मोकळे ठेवून, अगदी तिच्या पायांच्या रेषेत. आज हवाई कसरतीच्या शिक्षकाला झेल देण्याचे जे प्रशिक्षण मिळते ते हेच. फरक एवढाच की इथे गादी नव्हती, आणि झेल चुकला तर दुसऱ्या दिवशी घरात चूल पेटण्याची शाश्वतीही नव्हती. शिकवणी चार-पाच वर्षांच्या वयात, कमरेएवढ्या उंचीवरच्या दोरावर सुरू होई. कशाला काय म्हणायचे आणि कोणत्या क्रमाने शिकायचे हे सगळे घरातल्या घरात ठरे. ते कागदावर कधी उतरले नाही.

आखाड्याची कथा वेगळी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लांच्या सरावासाठी खांबाचा उल्लेख येतो. त्यानंतर कित्येक शतके या कसरतीचा माग सापडत नाही. तिचा पुन्हा उदय पेशवाईच्या अखेरीस झाला, आणि तो दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी. बाजीरावाचे वडील रघुनाथराव १७८३ साली कोपरगावला वारले. बाजीरावाच्या बालपणाचा काळ आधी कोपरगावात आणि पुढे नाशिकजवळच्या आनंदवल्लीत गेला. याच गोदावरीच्या काठी, कोपरगावच्या वरच्या अंगाला निफाडकडच्या कोठुरे गावी बाळंभट देवधरांचे घराणे होते.

परंपरा असे सांगते की निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आले आणि त्यांनी पेशव्यांच्या पहिलवानांना आव्हान दिले. कोणी पुढे येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारले. तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगीला गेले. तिथे माकडांच्या फांदीवरच्या हालचालींतून त्यांना खांबावरची कसरत सुचली आणि परतल्यावर त्यांनी अलीला चीत केले. सप्तशृंगीवरचा भाग श्रद्धेचा. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते पुढचे: बाळंभटांनी ही विद्या स्वतःपाशी ठेवली नाही. कुस्तीचे डावपेच राखून ठेवण्याची त्या काळातली रीत पाहता हे विशेषच म्हणायचे. १८१८ नंतर बाजीराव ब्रह्मावर्तास, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरला गेला. बाळंभटही सोबत गेले. त्यांचे शिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीत आखाडा चालवला. पुढे बडोद्यात जुम्मादादा आणि त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी मल्लखांबाला नव्या व्यायामशाळेच्या चौकटीत बसवले.

या प्रवासात मल्लखांबाला डोंबाऱ्याच्या खेळात नसलेली एक गोष्ट मिळाली, ती म्हणजे प्रत्येक हालचालीला नाव. अढी, तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा, वेल, झाप, फरारा, ताजवा: ही उड्यांची आणि पकडींची कुळे आहेत आणि प्रत्येक कुळात सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या आहेत. खांबाच्याही भागांना नावे आहेत: वरचे बोंड, त्याखालची मान, खालचे अंग. त्यामुळे वस्ताद खाली उभा राहून नुसत्या शब्दांनी वरच्या पोराला दुरुस्त करू शकतो.

साधी अढी ही पहिली पायरी. मुलगा खांबासमोर उभा राहतो, दोन्ही हातांनी खांब धरतो, पाय वर फेकतो आणि मांड्यांनी खांब आवळतो. डोके खाली, छाती बाहेर. मग हात सुटतात. हात सुटण्याच्या त्या क्षणी वस्तादाचा एक हात पोराच्या मानेशी आणि दुसरा पाठीशी असतो. मांडीची पकड बसली की नाही हे डोळ्यांपेक्षा तळहाताला आधी कळते, म्हणून जुने वस्ताद शिकाऊ शिक्षकाला आधी झेल द्यायला लावत, उड्या नंतर. खांब शिसवीचा किंवा सागाचा, जमिनीवर अडीच मीटरांच्या आसपास उंच, खाली जाड आणि वर निमुळता. त्याला एरंडेल लावतात. तेल कमी पडले तर कातडी सोलते, जास्त झाले तर पकड सुटते. किती लावायचे हेही शिक्षकानेच शिकायचे.

दोरीचा मल्लखांब हा वेताच्या मल्लखांबाचा वारस. लांब, चिवट वेत मिळेनासा झाला तशी सुती दोरी आली. दोरी पायाच्या अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात धरून चढायचे, ती अंगाभोवती गुंडाळत आसने करायची, पण कुठेही गाठ मारायची नाही. अंगाचा भार आणि दोरीचा पीळ यांवरच माणूस तोलला जातो. आजच्या पाश्चात्त्य हवाई कसरतीत रेशमी पट्ट्यांवर जे वेढे घेतात त्यांचे तत्त्व याहून निराळे नाही. टांगता मल्लखांब हा तिसरा प्रकार. तो साखळीला लटकलेला, आखूड आणि स्वतःभोवती फिरणारा असतो. त्यावर पकड आणि तोल दोन्ही एकदम साधावे लागतात.

सर्कस पाल आणि आखाडा या दोन्हींच्या मध्ये उभी होती. मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस पाहून अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी १८८० साली आपली सर्कस उभी केली. पॅरिसमध्ये ज्यूल लिओतारने उडत्या झुल्याचा खेळ प्रथम केला त्याला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षे झाली होती. छत्र्यांच्या फिरस्तीत केरळातल्या तलश्शेरीचे व्यायामशिक्षक कीलेरी कुन्हिकण्णन त्यांना भेटले. त्यांनी पुढे सर्कशीचे कलावंत घडवणारी शाळाच काढली आणि भारतीय सर्कशीच्या झुल्यांवर केरळची माणसे दिसू लागली. महाराष्ट्रात मात्र सर्कशीतली शिकवणी तंबूबाहेर आली नाही. झुल्यावरचा जुना गडी नव्याला शिकवी, मालक पगार ठरवी, आणि तंबू उठला की शाळाही उठे.

प्रमाणपत्राची वाट आखाड्यातून निघाली. माणिकरावांच्या परंपरेतल्या वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९२० च्या दशकात मंडळाने उन्हाळी सुटीत शिक्षकांसाठी व्यायामाचे वर्ग सुरू केले. गावच्या शाळेतला मास्तर सुटीत यायचा, लेझीम, लाठी, मल्लखांब शिकायचा, परीक्षा द्यायचा आणि दाखला घेऊन परत जायचा. १९३६ साली मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके केली. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, मुंबई सरकारने कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षण संस्था काढली. त्याच सुमारास बडोद्यातून द. चिं. मुजुमदारांच्या संपादनाखाली व्यायाम ज्ञानकोशाचे खंड निघू लागले. नाव असलेली, चित्र असलेली, क्रम लागलेली उडी अभ्यासक्रमात घालता येते आणि तिच्यावर गुणही देता येतात. आखाड्याचा कागदापर्यंतचा प्रवास सुकर झाला तो यामुळे, शिवाय आखाड्यातली पोरे पोटासाठी खेळत नव्हती यामुळेही.

पोटासाठी खेळणाऱ्यांचे काय झाले हे कायद्यांतून वाचता येते. मुंबई भिक्षा प्रतिबंध अधिनियम १९५९ साली आला. सार्वजनिक जागी गाणे, नाच किंवा खेळ करून पैसे घेणे त्याने भीक मागण्याच्या व्याख्येत आणले. म्हणजे ज्या वर्षांत मल्लखांब शिकवण्यासाठी सरकारमान्य संस्था होत्या, त्याच वर्षांत चौकातला दोरावरचा खेळ कायद्याच्या कचाट्यात सापडला. राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत गोपाळ, कोल्हाटी आणि डोंबारी आहेत. त्या यादीने शिक्षणाच्या आणि नोकरीच्या सवलती दिल्या, कलेला मात्र काही दिले नाही. सर्कशीवरही वेळ आली. १८ एप्रिल २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्कशीत लहान मुलांना कामाला ठेवण्यास मनाई करण्याचा आदेश दिला. मुलांच्या हालांची प्रकरणे पाहता तो रास्तच होता. पण झुल्यावरचे शरीर कोवळ्या वयातच घडते, आणि तंबूबाहेर शाळा नसल्याने नवी पिढी येणे थांबले.

मल्लखांबाला उलट संघटना मिळाली. १९८१ साली उज्जैनला पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि राष्ट्रीय महासंघ उभा राहिला. खांबाच्या मापांपासून गुणदानापर्यंतचे नियम ठरले, तसे पंच आणि शिक्षक यांना नियमांत पारंगत असणे भाग पडले. मुंबईत शिवाजी पार्कवरच्या, १९२५ साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी मुली, अंध मुले आणि परदेशी विद्यार्थी यांना शिकवण्याच्या पद्धती बसवल्या. २०१९ च्या फेब्रुवारीत याच शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा भरली. देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

आजच्या मल्लखांब शिक्षकाच्या प्रात्यक्षिक तयारीत जुन्यातले बरेच टिकले आहे. दंड-बैठका आणि सूर्यनमस्कारांनी शरीर तापवणे, खांबाला चीर नाही आणि दोरीचा धागा उसवलेला नाही हे रोज हात फिरवून पाहणे, वरच्या आकड्याची मजबुती तपासणे, गादीची जाडी आणि जागा ठरवणे, वयानुसार उड्यांचा क्रम लावणे, आणि झेल. नवे भरले आहे ते शरीररचनेचे ज्ञान, प्रथमोपचार आणि गुणपत्रिका वाचण्याचे कौशल्य.

२०२० साली केंद्र सरकारने नोकरभरतीसाठी मान्य खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली, तेव्हा मल्लखांब तीत आला. २०२२ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांत आणि राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही त्याचा समावेश झाला. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा शालेय स्पर्धांच्या उतरंडीत नगर जिल्ह्यातला विद्यार्थी आता मल्लखांबपटू म्हणून उतरू शकतो, खेळाडूंसाठीच्या पाच टक्के राखीव जागांवर दावा सांगू शकतो आणि पुढे व्यायामशिक्षकाची पदवी घेऊन तीच विद्या शिकवू शकतो. मढीच्या यात्रेला येणाऱ्या कसरतकऱ्याच्या मुलालाही शाळेच्या मैदानावरून ही वाट घेता येते, मात्र त्यासाठी त्याला घरचा दोर सोडून खांबावर पहिल्या अढीपासून सुरुवात करावी लागते.