काकेजिकु : जपानी चित्रगुंडाळी

काकेजिकु म्हणजे भिंतीवर उभी टांगायची व एरवी गुंडाळून पेटीत ठेवायची जपानी चित्रगुंडाळी. पारंपरिक जपानी घरात ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात ती ऋतू वा प्रसंगानुसार लावली जाते. काजळी व सरस यांपासून केलेल्या ‘सुमी’ शाईने कागदावर किंवा रेशमावर रेखाटलेले चित्र आणि त्याशेजारी कुंचल्यानेच लिहिलेली कविता, हे तिचे एक लोकप्रिय रूप होय.

क्योतो येथील बौद्ध भिक्षुणी ओतागाकी रेन्गेत्सु (१७९१–१८७५) या परंपरेतील ठळक नाव. पती व अपत्यांच्या निधनानंतर त्यांनी संन्यास घेतला. उपजीविकेसाठी त्या मातीची भांडी घडवीत आणि त्यांवर स्वतःच्या ‘वाका’ कविता कोरीत. तरुण चित्रकार तोमिओका तेस्साइ यांच्या चित्रांवरही त्यांनी कविता लिहिल्या.

रेन्गेत्सु यांच्या हयातीतच त्यांच्या कलाकृतींच्या नकला होऊ लागल्या. म्हणून जुनी गुंडाळी घेताना केवळ स्वाक्षरी व मुद्रेवर विसंबू नये. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसल्यास ती छापील प्रत होय. भोवतालचे जरीवस्त्र नवे असणे मात्र दोष नव्हे. गव्हाच्या सत्त्वाची खळ पाण्याने सुटते, त्यामुळे मूळ चित्र अलग करून पुन्हा मढविता येते. फाटल्या जागी चिकटपट्टी लावली, तर हे काम अवघड होते आणि चित्राचे नुकसान कायमचे ठरू शकते.